गाळाचा हिशेब आकाशातूनही तपासा: खाण नियामकांना खुले पत्र

मा. अधिकारी महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

हे पत्र कुठल्या एका देशाच्या खात्याला लिहिलेले नाही. खाणीतून निघणारी दगडमाती आणि खनिज काढून घेतल्यावर उरणारा गाळ कुठे, किती आणि किती वेगाने टाकायचा याचा परवाना जे देतात आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणे ज्यांचे काम आहे, त्या सर्वांना ते आहे. मी उपग्रहांच्या रडार प्रतिमा वाचतो. खाण चालवत नाही, खाणीला सल्लाही विकत नाही.

तुमच्याकडे ठरावीक मुदतीने कंपनीचे विवरणपत्र येते. त्यात टाकलेल्या गाळाचा टनांतला आकडा असतो, बांधाची उंची असते, खाली अभियंत्याची सही असते. टाकणारी कंपनी, मोजणारी कंपनी आणि सही करणाऱ्या अभियंत्याला मानधन देणारीही कंपनीच. त्यातले आकडे खोटे असतातच असे मी म्हणत नाही, बहुतेक वेळा ते ठीकही असतील. पण दुसऱ्या कोणी मोजलेच नसेल तर ते ठीक आहेत हे तुम्ही कशावरून सांगणार?

माझी मागणी एकच आहे. तुमच्या अखत्यारीतल्या प्रत्येक टेलिंग धरणाचा (म्हणजे हा गाळ साठवणाऱ्या धरणाचा) आणि दगडमातीच्या प्रत्येक मोठ्या ढिगाचा, म्हणजे डंपचा, कचरा कसकसा पडत गेला याचा इतिहास रडार प्रतिमांवरून तुम्ही स्वतः काढा, कंपनीच्या विवरणाशी ताडून पाहा आणि तो सर्वांना पाहता येईल असा ठेवा.

'धरण फुटण्याआधी उपग्रह इशारा देईल' ही जाहिरात तुम्ही ऐकली असेल. मी ती करायला आलेलो नाही, त्याबद्दल पुढे बोलतोच. मला रस आहे तो त्याहून कंटाळवाण्या गोष्टीत: कोणत्या महिन्यात गाळ कोणत्या कोपऱ्यात पडला. हा कंटाळवाणा तपशील किती महाग पडतो हे फुंदावमध्ये दिसले आहे.

ब्राझीलमधल्या मारियानाजवळचे फुंदाव धरण 5 नोव्हेंबर 2015 रोजी फुटले. 19 माणसे गेली, बेंतो रोद्रीगेस हे गाव गाळाखाली गेले आणि तो गाळ दोसे नदीतून थेट अटलांटिक महासागरापर्यंत वाहत गेला. 2016 मध्ये आलेला तज्ज्ञ समितीचा अहवाल वाचताना दुर्घटनेच्या दिवसापेक्षा मला जास्त अस्वस्थ केले ते त्याआधीच्या चार वर्षांनी. त्या धरणात दोन प्रकारचा माल येत होता. एक वाळू, जिच्यातून पाणी निथळते. दुसरा चिकट, अतिबारीक गाळ, ज्याला खाणीवर स्लाइम्स म्हणतात. त्यातून पाणी सहज निघत नाही आणि तो वर्षानुवर्षे मऊच राहतो. वाळू पुढे राहावी, स्लाइम्स मागे राहावेत, म्हणून नियम होता की बांधाचा माथा आणि मागचे पाणी यांच्यात किमान 200 मीटर रुंदीचा वाळूचा पट्टा हवा. 2011 आणि 2012 मध्ये हा नियम वारंवार मोडला. पाणी माथ्यापासून 60 मीटरपर्यंत आले आणि जिथे फक्त वाळू हवी तिथे स्लाइम्स बसले. पुढे डाव्या बाजूला बांधाची रेषा मागे सरकवली गेली, ती नेमकी त्या मऊ थरांवर. वर वजन चढत गेले तसे खालचे स्लाइम्स बाजूला दाबले जाऊ लागले, त्यांच्यावरची पाण्याने भरलेली वाळू सैल झाली आणि शेवटी ती पातळ होऊन वाहू लागली. धरण फुटले 2015 मध्ये, पण त्याची तजवीज आधीच होऊन गेली होती.

200 मीटर आणि 60 मीटर. युरोपच्या सेंटिनेल-1 उपग्रहाची जी प्रतिमा आज कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतो, तिचा एक ठिपका साधारण 10 मीटरचा असतो. म्हणजे प्रश्न वीस ठिपके की सहा, एवढाच आहे. त्या वर्षांत सेंटिनेल-1 उडत नव्हता, तो एप्रिल 2014 मध्ये अवकाशात गेला. तेव्हाच्या अधिकाऱ्यांना निदान ही सबब होती.

ब्राझीलमधल्याच ब्रुमाजिन्योची गोष्ट याच धाग्याची. तिथले बी-1 धरण 25 जानेवारी 2019 रोजी कोसळले आणि 270 लोक मेले. 1976 पासून टप्प्याटप्प्याने उंचावत ते 86 मीटरचे झाले होते. प्रत्येक नवा बांध आधीच्या गाळावर, आतल्या बाजूला सरकवून घातलेला. याला अपस्ट्रीम पद्धत म्हणतात. ती स्वस्त पडते, कारण बांधाचा बराचसा भार कचरा स्वतःच उचलतो. म्हणूनच तिथे कचरा कसा बसला आहे, हाच बांधाच्या ताकदीचा प्रश्न होऊन बसतो. तज्ज्ञ समितीने डिसेंबर 2019 मध्ये दिलेल्या कारणांत तीव्र उतार होता, आत साठलेले पाणी होते, आणि हेही होते की काही काळ तळ्याचे पाणी माथ्याजवळ येऊ दिल्यामुळे कमजोर गाळ माथ्याजवळच बसला. लक्षात घ्या, या धरणात गाळ टाकणे जुलै 2016 मध्येच थांबले होते. 'आता तिथे काही टाकत नाही' हे वाक्य विवरणपत्रात दिसले की फाइल बंद करणाऱ्यांनी ही तारीख जरूर आठवावी.

तिसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफाँटेनचे. जुन्या हिऱ्याच्या खाणीचा कचरा पुन्हा धुऊन उरलेला गाळ साठवणारे हे धरण 11 सप्टेंबर 2022 रोजी फुटले. 2020 च्या अखेरीस तिथल्या जल खात्याने परवान्यात मान्य केल्यापेक्षा जास्त टाकल्यावरून काम थांबवायला लावले होते, 2021 मध्ये ते पुन्हा सुरू झाले. दुर्घटनेनंतर संशोधकांनी सर्वांना खुली असलेली उपग्रह माहिती काढून पाहिली, तर बिघाडाच्या खुणा आधीपासून दिसत होत्या. माहिती खुली होती. ती पाहणे कोणाच्या कामाच्या यादीत नव्हते.

रडार यात नेमके काय पाहते, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण 'उपग्रहावरून दिसते' म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर छायाचित्र येते. रडार स्वतः लहरी सोडते आणि जमिनीवरून परत आलेल्या लहरी टिपते. त्यामुळे रात्र असो वा ढग, त्याला फरक पडत नाही. परत आलेल्या लहरीतून दोन गोष्टी कळतात: ती किती जोराची आहे आणि तिच्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर ती पोहोचली. या दुसऱ्या गोष्टीला फेज म्हणतात.

जोरावरून पोत कळतो. खडबडीत दगडांचा डंप उजळ दिसतो. स्थिर पाणी लहरीला पलीकडे उडवून लावते, म्हणून काळे दिसते. ओला, गुळगुळीत गाळही काळाच दिसतो, आणि पाणी कुठे संपले, स्लाइम्स कुठे सुरू झाले हे रडारवरून नेहमी सांगता येत नाही. वारा सुटला की पाणी उजळते, बारीक कोरडी वाळू कधी फसवते. यावर निरभ्र दिवसाचे साधे उपग्रह छायाचित्र शेजारी ठेवून पडताळा घ्यावा लागतो. पण तुमच्या कामापुरते पाहिले तर पाणी असो की स्लाइम्स, माथ्याजवळ दोन्ही नको आहेत. काळी कड माथ्याकडे सरकताना दिसली, तर कंपनीला पत्र पाठवायला तेवढे कारण पुरेसे आहे.

फेजवरून हालचाल कळते. एकाच जागेवरून काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन प्रतिमांची फेज वजा केली की मधल्या काळात जमीन उपग्रहाच्या दिशेने किती सरकली ते मिळते. सेंटिनेल-1 ची लहर साधारण साडेपाच सेंटिमीटरची, जायचे आणि यायचे अंतर धरून फेजचा एक पूर्ण फेरा म्हणजे पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास. अनेक प्रतिमा रांगेत लावल्या की वर्षाला काही मिलिमीटरची हालचालही पकडता येते. या पद्धतीला इनसार म्हणतात आणि बाजारात विकले जाते ते बहुतांशी हेच.

आता गंमत अशी, की जिथे ताजा गाळ पडतो तिथे इनसार आंधळे होते. पृष्ठभागच बदलला, तर आधीच्या आणि नंतरच्या लहरीत मेळ कसला बसणार? या मेळाला कोहेरन्स म्हणतात आणि तो शून्य ते एक यांच्यात मोजतात. हालचाल मोजणारे लोक कमी कोहेरन्सचे ठिपके गोंगाट म्हणून टाकून देतात. मला वाटते, तुमच्यासाठी खरी नोंद त्या टाकून दिलेल्या ठिपक्यांतच आहे. झाडझाडोरा नसलेल्या उघड्या कचऱ्यावर कोहेरन्स सहसा चांगला टिकतो. पावसाने तो पडला तर शेजारच्या उघड्या जमिनीवरही पडतो. शेजारची जमीन शाबूत आणि धरणातला एकच पट्टा शून्यावर, तर त्या पट्ट्यात नवे काहीतरी टाकले गेले किंवा खणले गेले. हे दर बारा दिवसांनी नकाशावर मांडत गेले की गाळ पडण्याचे कॅलेंडर तयार होते. गाळ सोडणाऱ्या पाइपची तोंडे कधी कुठे हलवली, कोणता कोपरा सलग महिनोन्‌महिने भरला, डंपवर ट्रक कोणत्या कडेला रिकामे होत होते, हे कंपनीला न विचारता समजते.

पाइपचे तोंड दुसरीकडे गेले की काही काळाने त्या पट्ट्यावर कोहेरन्स परत येतो आणि मग इनसारला पुन्हा दिसू लागते. तो पट्टा खचताना दिसतो. हे अपेक्षितच आहे, कारण कणांमधले पाणी पिळून बाहेर पडते आणि गाळ दबतो. हा वेग हळूहळू मंदावायला हवा. तो मंदावत नसेल, किंवा पाणी बाहेर पडायच्या आत वर पुढचा थर आला असेल, तर वाढलेले वजन कणांऐवजी पाणी तोलून धरते. भिंत सुकायच्या आत तिच्यावर पुढचा मजला चढवण्यासारखेच ते. म्हणून परवान्यात वर्षाला किती मीटर उंची वाढवायची याची मर्यादा असते, आणि ती पाळली का हे वर्षाच्या सरासरीवरून कळत नाही. अकरा महिने शांत राहून एका महिन्यात भरले, तरी सरासरी तीच येते.

घनफळाचाही हिशेब होतो, थोडा ढोबळ. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर अंतराळयानातून रडारने जगाच्या बहुतांश जमिनीची उंची मोजली गेली. त्यानंतर जर्मनीच्या टेरासार-एक्स आणि टॅनडेम-एक्स या रडार उपग्रहांच्या जोडगोळीने 2010 नंतर ती अधिक बारकाईने मोजली. या दोन उंचींची वजाबाकी म्हणजे मधल्या काळात साठलेला कचरा. एक चौरस किलोमीटरचे धरण सरासरी 5 मीटर वाढले तर 50 लाख घनमीटर झाले. कोरडी घनता घनमीटरला दीड टन धरली तर 75 लाख टन. अर्थात उंचीत एका मीटरची चूक असेल तर 10 लाख घनमीटर इकडेतिकडे होतात, आणि घनता प्रत्येक गाळाची वेगळी. त्यामुळे यावरून कंपनीला पाच टक्क्यांच्या तफावतीसाठी पकडायला जाऊ नका, तोंडघशी पडाल. विवरणात दाखवल्याच्या दुप्पट साठा उभा असेल तर मात्र तो लपत नाही.

आता मर्यादा. त्या तुम्ही माझ्याकडूनच ऐकलेल्या बऱ्या, नाहीतर कंपनीचे वकील सांगतील.

बी-1 धरणाच्या समितीने कोसळण्याआधीच्या वर्षाच्या इनसार नोंदी पाहिल्या. खालच्या भागात वर्षाला 36 मिलिमीटरहून कमी, संथ हालचाल होती, पावसाळ्यात थोडी वाढलेली. समितीच्या मते ही जुन्या गाळाच्या खचण्याशी जुळणारी होती आणि तिच्यावरून इशारा मिळाला नसता. 2021 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच काळातल्या सेंटिनेल प्रतिमा वेगळ्या पद्धतीने तपासल्या आणि त्यांना हालचालीचा वाढता वेग दिसला. कोण बरोबर, यावर मी इथे निवाडा देणार नाही. पण तज्ज्ञांचेही एकमत होत नाही अशा खुणेवर कोणी गावे रिकामी करण्याचा निर्णय टांगू नये, हे मला स्पष्ट दिसते. गाळ पातळ होऊन धरण काही सेकंदांत जाते, आणि उपग्रह बारा दिवसांनी येतो. धोक्याची घंटा म्हणून रडारवर विसंबायचे असेल तर जमिनीवरचे पाण्याच्या दाबाचे मापक, झुकाव मोजणारी यंत्रे आणि माणसे ही आधी हवीतच.

दुसरी अडचण दिशेची. हे उपग्रह जवळजवळ उत्तर-दक्षिण कक्षेत फिरतात आणि बाजूला तिरके पाहतात. त्यामुळे वर-खाली आणि पूर्व-पश्चिम हालचाल कळते, उत्तर-दक्षिण जवळपास नाही. ज्या बांधाचे तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो पुढे फुगत असेल तर इनसारला त्याचा फार थोडा अंश दिसेल. उभ्या उताराचा डंप असेल तर त्याची उपग्रहाकडची बाजू प्रतिमेत चेपली जाते, पलीकडची कधी सावलीत जाते. आणि उपग्रह बंदही पडतात. सेंटिनेल-1 च्या जोडीतला दुसरा उपग्रह डिसेंबर 2021 मध्ये निकामी झाला, त्याची जागा घेणारा उपग्रह डिसेंबर 2024 मध्ये अवकाशात गेला. मधली तीन वर्षे अनेक भागांत प्रतिमा विरळ झाल्या. म्हणून नियम एका उपग्रहाच्या नावाने लिहू नका.

नदीत सोडल्या जाणाऱ्या गाळाबद्दल मात्र रडारला फारसा पर्यायच नाही. पापुआ न्यू गिनीतल्या ओक टेडी खाणीचे टेलिंग धरण बांधतानाच 1984 मध्ये दरड कोसळून गेले. त्यानंतर गाळ नदीत सोडला जाऊ लागला. नदीचे पात्र भरून वर आले, पाणी काठच्या जंगलात शिरले आणि झाडे उभ्या उभ्या मेली. हा भाग वर्षातला बराच काळ ढगाखाली असतो, छायाचित्र मिळायला नशीब लागते. अशा ठिकाणी लांब लहरीचे, एल-बँड रडार कामाला येते. ती लहर पानांच्या छतातून खाली जाते आणि खाली पाणी असेल तर खोड आणि पाणी यांच्यात दोनदा आपटून जोरात परत येते, म्हणून पाण्यात उभे असलेले जंगल प्रतिमेत उजळते. जपानच्या जेईआरएस-1 ने 1992 ते 1998 या काळात अशा प्रतिमा घेतल्या होत्या. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार उपग्रहावर नासाचे एल-बँड आणि इस्रोचे त्याहून आखूड लहरीचे एस-बँड अशी दोन रडार आहेत, आणि बारा दिवसांनी तीच जागा पुन्हा पाहायची त्याची रचना आहे. नदीकाठचा गाळ पसरत जाण्याची कहाणी जुन्या-नव्या प्रतिमा जोडून मांडता येईल. ती मांडण्याचे काम नदीकाठच्या लोकांवर सोडू नये.

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत. खर्च? सेंटिनेलच्या प्रतिमा फुकट आहेत, त्या हाताळण्याचे चांगले सॉफ्टवेअरही फुकट आहे. पगार द्यायचा तो दोन-चार प्रशिक्षित माणसांना. व्यापारी गुपित? आकाशातून दिसणारा ढीग कसले गुपित, प्रतिस्पर्धी कंपन्या त्याच प्रतिमा पाहत असतात. लोक घाबरतील? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. लाल-पिवळा नकाशा समजावून न सांगता जाहीर केला तर साध्या खचण्यालाही लोक धोका समजतील. म्हणून नकाशासोबत कोणती हालचाल अपेक्षित आहे आणि कोणती नाही हे साध्या भाषेत लिहायला हवे. पण ज्यांचे घर धरणाच्या खालच्या अंगाला आहे त्यांना नकाशाच द्यायचा नाही, हा त्यावरचा उपाय नव्हे.

5 ऑगस्ट 2020 रोजी जागतिक टेलिंग्ज मानक आले. संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, जबाबदार गुंतवणुकीची तत्त्वे पाळणाऱ्या गुंतवणूकदारांची संस्था आणि मोठ्या खाण कंपन्यांची परिषद यांनी मिळून ते केले. त्यात प्रत्येक कंपनीत नावानिशी जबाबदार अधिकारी नेमणे आहे, निरीक्षण आहे, माहिती जाहीर करणेही आहे. चांगलेच आहे. पण जाहीर करणार कंपनीच, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या वेळापत्रकाने. तुमची स्वतंत्र नोंद त्याच्या शेजारी नसेल तर ते आणखी एक विवरणपत्र होते.

सुरुवात अपस्ट्रीम पद्धतीच्या आणि खाली वस्ती असलेल्या धरणांपासून करा, चालू असोत वा बंद. कंपनीकडून धरणाची नेमकी हद्द, पाइपच्या तोंडांच्या जागा आणि ती हलवल्याच्या तारखा मागवा. त्या रडारच्या कॅलेंडरशी जुळतात का पाहा, आणि जुळत नसतील तर कारण लेखी मागा. नव्या परवान्यात बांधावर कॉर्नर रिफ्लेक्टर बसवण्याची अट घाला. तीन धातूचे पत्रे काटकोनात जोडून केलेली ही साधी वस्तू रडारला दर वेळी त्याच जागेवरून ठळक उत्तर देते, आणि बांधाच्या हालचालीवरचा वाद बराच कमी करते. बांधाचे तोंड उत्तर-दक्षिण असेल तर जमिनीवरचे जीपीएस सक्तीचे करा. आणि नकाशे काढणाऱ्याचे मानधन कंपनीने नव्हे, तुम्ही द्या. हवे तर कंपनीकडून शुल्क घेऊन द्या, पण नेमणूक तुमची असू द्या.

2014 पासूनच्या प्रतिमा संग्रहात पडून आहेत. त्या मागे जाऊन वाचायला नवा उपग्रह लागत नाही, आणि परवान्यात तपासणीचा अधिकार असेल तर नवा कायदाही लागत नाही. पद्धतीबद्दल शंका असतील तर त्या जाहीरपणे विचाराव्यात. उत्तरही मी जाहीरपणेच देईन.

कळावे,

आपला,
रडार प्रतिमांचा एक वाचक